शंभर एएचची म्हणून घेतलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात माझ्या कयाकसाठी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान होडीसाठी, मी एक लिथियम बॅटरी विकत घेतली आणि त्या व्यवहारात पुरता फसलो. गेलेली रक्कम साडेसोळा हजारांची आहे आणि ती परत मिळेल अशी आशा मी आता फारशी धरत नाही. तरीही हे सविस्तर लिहीत आहे, कारण बॅटरी घेण्यापूर्वी मी चौकशी केली होती, प्रश्न विचारले होते, इतकेच नव्हे तर ती वजन करून घेतली होती, आणि एवढे करूनही फसलो. खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्या आणि आपल्या होडीवर स्वतःच्या हाताने काही ना काही जोडत बसणाऱ्या आमच्यासारख्यांनाच हेरून हा माल विकला जात आहे.

मी चिपळूणचा. वाशिष्ठीत गावाजवळच्या पट्ट्यात मगरी असल्यामुळे आम्ही गरवण्यासाठी तिथे उतरत नाही. गाडीच्या टपावर कयाक बांधून खाली, दाभोळ खाडीच्या खाऱ्या पाण्याकडे जातो. माझी कयाक बारा फुटी प्लास्टिकची आहे. गळाच्या काठ्या उभ्या ठेवण्यासाठी मी तिला पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले आहेत, मागच्या बाजूला दुधाचा क्रेट बांधला आहे आणि नांगराचा दोर पुढे-मागे सरकवता यावा म्हणून एका कडेला दोन कप्प्या लावल्या आहेत. गेल्या वर्षी एक जुनी ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला लावायची बॅटरीवरची छोटी मोटर, स्वस्तात मिळाली. तिच्यासाठी मी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आधार तयार केला, स्टेनलेसचे बोल्ट लावले, आणि मग प्रश्न उरला तो बॅटरीचा. शंभर एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप) साधी शिशाची बॅटरी तीस किलोंच्या घरात जाते, शिवाय ती टिकवायची असेल तर तिची निम्मीच क्षमता वापरायची असते. बारा फुटी कयाकमध्ये माणूस, सामान आणि वर तीस किलोंची बॅटरी घालण्यात अर्थ नव्हता. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी दहा-बारा किलोंत बसते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणून तीच घ्यायचे ठरवले. नामांकित कंपन्यांचे भाव मात्र माझ्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक निघाले.

नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर एक जाहिरात दिसू लागली. ‘बोट, सोलर व ई-रिक्षासाठी १२.८ व्होल्ट १०० एएच, दोन वर्षे वॉरंटी’ असा मजकूर आणि सोबत एक व्हिडिओ होता. व्हिडिओत निळ्या टेबलावर काळ्या डब्यातली बॅटरी ठेवलेली होती, तिच्या टोकांना मल्टिमीटर लावलेला होता आणि आकडा दिसत होता १३.३. आज तो व्हिडिओ आठवला की स्वतःचाच राग येतो. या प्रकारच्या बॅटरीचे व्होल्टेज जवळजवळ सपाट असते. ती नव्वद टक्के भरलेली असो की तीस टक्के, मीटर तेराच्या आसपासच दाखवतो. शिवाय व्होल्टेज म्हणजे क्षमता नव्हे. चार सेल एकापुढे एक जोडले की तेवढे व्होल्टेज मिळते, मग ते सेल शंभर एएचचे असोत की सहा एएचचे. विहिरीतले पाणी किती वर आहे एवढेच मीटर सांगतो, विहिरीचा घेर किती ते सांगत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते, पण त्या आकड्याने मन भरले.

विक्रेता फोनवर अतिशय अदबीने बोलला. ‘सर, तुमची मोटर किती पौंडांची?’ असे म्हणत मोटरचा जोर त्याने आपणहून विचारला, आणि चाळीस पौंडांची म्हटल्यावर ‘मग पूर्ण वेगाला पस्तीस-चाळीस अँपिअर घेईल, आपला बीएमएस शंभरचा आहे, काळजी नको’ असे उत्तर दिले. (बीएमएस म्हणजे जादा प्रवाह जाऊ लागला की बॅटरी बंद करणारे तिच्या आतले सर्किट.) ज्याला आकडे बरोबर येतात तो माणूस खरा, असा माझा समज झाला. मी बिल मागितले तेव्हा मात्र ‘बिल हवे तर १८ टक्के वर पडतील’ असे तो म्हणाला आणि मीच बिलाचा आग्रह सोडला. ही चूक पूर्णपणे माझी. चार हजार आगाऊ आणि बाकीचे साडेबारा हजार ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आल्यावर, असे पैसे मी यूपीआयने पाठवले. जाहिरातीवर एक नाव होते, पैसे गेले त्या खात्यावर दुसरे होते आणि बिल्टीवर पाठवणाऱ्याचे म्हणून तिसरेच होते. ‘भावाचे खाते आहे, गोडाऊन पार्टनरच्या नावावर आहे’ हे त्याचे स्पष्टीकरण मी मान्य केले.

पार्सल आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते वाण्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवले. खोट्या लिथियम बॅटऱ्या वजनाला हलक्या असतात, हे मी वाचले होते. काट्याने दहा किलो सातशे ग्रॅम दाखवले आणि माझी खात्री पटली. घरी आणून दहा अँपिअरच्या चार्जरला लावली, तर चाळीस मिनिटांत हिरवा दिवा लागला. तिकडूनच भरून पाठवली असेल, असे मी धरले. मोरीतल्या पिंपात मोटर बुडवून दहा मिनिटे चालवून पाहिली, ती उत्तम चालली. दहा मिनिटांची ही चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे, हे मला पुढे खाडीने शिकवले.

बॅटरीबरोबर त्याने ‘कलई केलेल्या तांब्याची’ म्हणून सहा मीटर जाड वायरही दिली होती, आणि तीही खोटीच होती. कलईचे तांबे बाहेरून पांढरे आणि कापलेल्या टोकाला आतून लालसर दिसायला हवे; ही वायर बाहेरून तांबूस आणि आतून पांढरी होती, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला तांब्याचा मुलामा. खाऱ्या हवेत दीड महिन्यात तिच्या टोकांवर पांढरी पूड जमली होती. हे मी वायर बसवताना पाहिले असते तर बॅटरीबद्दलही संशय आला असता, पण टोके सोलून देण्याचे काम मी मुलाला सांगितले होते.

आश्विन वद्य तृतीयेला मी आणि माझे मेहुणे दोन कयाक घेऊन धोपाव्याच्या वरच्या अंगाला एका लहान धक्क्यावरून उतरलो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, या जुन्या हिशेबाने सव्वादोनला पाणी भरणार होते. साडेअकराला निघायचे, भरतीबरोबर वर जायचे, पाणी थांबेल तेव्हा पलीकडच्या कांदळवनाच्या कडेला गरवायचे आणि ओहोटीबरोबर परतायचे, असा बेत होता. मोटर मंद वेगात बारा अँपिअर घेत होती. शंभर एएचच्या हिशेबाने आठ तासांची बेगमी होती. तांबोशी दोन मिळाल्या, तिसरी मुळांत शिरून दोर तोडून गेली. दुपार झकास गेली, एवढेच त्याबद्दल.

साडेतीनला परत निघालो तेव्हा ओहोटीने वेग घेतला होता आणि समोरून समुद्रावरचा वारा लागला होता. पाणी बाहेर जाते आणि वारा आत येतो तेव्हा खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. आम्हाला उत्तरेच्या काठावरून दक्षिणेला यायचे होते, म्हणजे आडवा प्रवाह कापायचा होता. मध्यावर आल्यावर मी मोटरला पूर्ण वेग दिला आणि अर्ध्या मिनिटात ती थांबली. स्विच बंद करून पुन्हा लावला, मंद वेगात दोन मिनिटे चालली आणि पुन्हा गेली. त्यानंतर आवाजही नाही. मी वल्हे हातात घेतले, पण मोटरचा पंखा पाण्यात ओढ देत होता आणि तो वर उचलण्यासाठी मागे वळावे तर कयाक लाटांना आडवी होत होती. मेहुण्यांनी दोर फेकला, पण वाऱ्याने तो दोनदा परत त्यांच्याच अंगावर गेला. आमचा धक्का डावीकडून हळूहळू मागे सरकताना दिसत होता, आणि पुढे दाभोळ-धोपावे फेरीबोट आपल्या मार्गाने निम्म्या खाडीपर्यंत आलेली होती. लाइफ जॅकेट अंगात होते, शिटी गळ्यात होती. ती मी जीव खाऊन वाजवली.

एका फायबरच्या होडीतून जाळे घेऊन चाललेल्या खारवी काकांनी ती ऐकली. जवळ येऊन त्यांनी आधी काही विचारलेच नाही, दोर माझ्या मांडीवर टाकला. धक्क्याला लागल्यावर मात्र म्हणाले, ‘मशीन लावलंस ते बरं केलंस, पण वल्ह्याच्या जोरावर जाता येईल तेवढंच लांब जावं. मशीन आमचंपण बंद पडतं.’ मी दोन्ही तांबोशी पुढे केल्या, तर हसून ‘ठेव, मुलांना घाल’ म्हणाले आणि गेले.

घरी आल्यावर पूर्ण रिकामी झालेली ती बॅटरी मी त्याच चार्जरला लावली. दहा अँपिअरने शंभर एएच भरायला दहा तास लागायला हवेत. सव्वादोन तासांत हिरवा दिवा लागला. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गॅरेजमधून जीपचे शंभर वॉटचे दोन जुने बल्ब आणले, मध्ये वॉटमीटर लावला, बल्ब पाण्याच्या बादलीपासून आणि पडद्यांपासून लांब, अंगणात टांगले आणि वही घेऊन बसलो. बल्ब विझले तेव्हा मीटरवर एकवीस एएच होते. खात्रीसाठी दुसऱ्यांदा केले, तेव्हाही एकवीसच.

मग डबा कापला. झाकणाखाली निळ्या आणि हिरव्या अशा दोन रंगांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले वीस गोल सेल होते, पाच-पाचचे चार गट. हे ३२६५० मापाचे सेल नवे असताना सहा एएचचे येतात, म्हणजे नवेकोरे असते तरी तीसच्या पुढे बॅटरी गेली नसती. त्यांच्या टोकांवर जुन्या पट्ट्या उपटल्याच्या खुणा होत्या आणि दोन सेलांना गंज होता, तेव्हा ते आधी कुठेतरी वापरून झालेले होते हे उघड आहे. बीएमएसवर शंभरऐवजी तीसचा आकडा होता. एका सेलचे वजन एकशेचाळीस ग्रॅमच्या आसपास, वीसांचे तीन किलोंच्याही आत. मग दहा किलो सातशे ग्रॅम आले कुठून? सेलांच्या खाली फोमचा थर होता आणि त्याच्याखाली, डब्याच्या तळाशी, नीट सपाट ओतून सुकवलेली सिमेंटची लादी. कडेने हात फिरवून गिलावा गुळगुळीत केलेला होता. काम करणाऱ्याचे बोट एका कोपऱ्यात उमटले होते. वजन करून घेणारे गिऱ्हाईक असते हे त्या माणसाला माहीत होते आणि त्याने माझ्यासाठी आधीच वजन भरून ठेवले होते.

म्हणून काटा, मल्टिमीटर आणि डब्यावरचा स्टिकर या तिघांवरही विसंबू नये. ठरावीक भार लावून बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत मीटरवर मोजणे, ही एकच परीक्षा मला आता विश्वासाची वाटते. बल्ब आणि वॉटमीटर मिळून खर्च हजाराच्या आत येतो. ते जमत नसेल तर निदान रिकाम्या बॅटरीला भरायला किती तास लागतात ते घड्याळात पाहावे. आणि ही परीक्षा पैसे परत मागण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी. मी पावसाळाभर बॅटरी कपाटात ठेवली, त्यामुळे विक्रेत्याला हवा तेवढा वेळ मिळाला.

त्याला फोन केला तेव्हा त्याने प्रथम चार्जरला दोष दिला, मग ‘सील तोडले, वॉरंटी संपली’ म्हणाला, आणि सिमेंटचा फोटो पाठवल्यावर माझा नंबर ब्लॉक केला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न पैसे कधी गेले हा होता, कारण लगेच कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते; माझे तीन महिने उलटले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेता कुठलाही असला तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, दोन वर्षांपर्यंत मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची, तर माझ्याकडे तीन नावे आहेत आणि बिल एकाचेही नाही.

परवा मेहुण्यांनी त्यांच्या मोबाइलवर एक नवी जाहिरात दाखवली. नाव चौथे आहे, किंमत हजाराने कमी आहे, टेबल मात्र तेच निळे, आणि मीटरवर तेच १३.३. खाली एक ओळ नव्याने घातली आहे: ‘खात्री नसेल तर वजन करून पाहा.’