आठ महिन्यांनंतर: सायलेन्सर उत्तम, पण खोक्यात गॅसकेट नाही

आठ महिने आणि सहा हजार किलोमीटर झाल्यावर हे लिहितो आहे. चौथ्या महिन्यात लिहिले असते, तर या सायलेन्सरची मी यथेच्छ निंदा केली असती. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपपासून शेपटीपर्यंतचा हा स्टेनलेस स्टीलचा संच मी मोटारसायकलला घरीच बसवला. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले संच स्वस्त मिळतात. पण आपला धूर दुसऱ्याच्या नाकात सोडून पैसे वाचवण्याइतका मी काटकसरी नाही, म्हणून कन्व्हर्टर असलेलाच संच घेतला.

अर्धा दिवस जुने नट सोडवण्यातच गेला. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू दिले होते, तरी एक नट थोडा पुढे, थोडा मागे असा कितीतरी वेळ फिरवल्यावरच सैल झाला. जोर लावला असता तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, इंजिनच्या हेडमध्येच तुटला असता.

आता मूळ तक्रार. इंजिन हेड आणि बेंड पाइप यांच्यामध्ये बसणारी गॅसकेटची छोटी कडी खोक्यात नव्हती, मात्र चकचकीत स्टिकर चार होते. जुनी कडी दिसायला शाबूत होती, म्हणून मी ती पुसून पुन्हा बसवली.

महिनाभर सारे सुरळीत चालले. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटू लागले आणि लिटरला ३८ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज ३३ वर आले. विक्रेत्याला मी तीन खरमरीत पत्रे लिहिली. तिन्ही वेळा ‘गॅसकेट तपासा’ एवढेच उत्तर आले आणि ती मला शुद्ध टाळाटाळ वाटली.

पुढे एकदा गाडी धुताना हेडजवळच्या सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसली. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी नळी सायलेन्सरच्या तोंडाशी चिंधीने घट्ट बसवली आणि सांध्यावर साबणाचे पाणी सोडले, तर तिथे बुडबुडे आले. पाइपमधला दाब ठोक्याठोक्याने चढतो आणि उतरतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, पाइपमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर राखतो. फट सेन्सरच्या अलीकडे असल्यामुळे बाहेरून आलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असे कळवत होता आणि ईसीयू निमूटपणे जास्त पेट्रोल सोडत होता. असे जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळले तर तो अति तापून निकामी होऊ शकतो, हे कळल्यावर माझी काटकसर मलाच किती महाग पडली असती याचा अंदाज आला. ही कडी चेपली जाऊनच फट बुजवते आणि एकदा चेपली की पुन्हा फुगत नाही.

नवे गॅसकेट आणले. या वेळी सगळे सांधे आधी सैल ठेवून पाइप ताण न येता जागेवर बसवला, मग हेडचे दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि तिथून शेपटीकडे गेलो. इंजिन एकदा तापून निवल्यावर नट पुन्हा तपासले. फटाके थांबले, अ‍ॅव्हरेज ३७ च्या पुढे गेले आणि विक्रेत्याला चौथे पत्र माफीचे लिहिले.

आवाज भारदस्त आहे, पण शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. वजनही जुन्यापेक्षा जवळपास दोन किलोने कमी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते आणि जवळच्या फेऱ्यांत ते वाफ होऊन पूर्ण निघून जात नाही, म्हणून सायलेन्सरच्या तळाचे बारीक छिद्र मी अधूनमधून तारेने मोकळे करतो.

पाचपैकी चार तारे. पाचवा स्टिकरांच्या जागी गॅसकेट आले की देईन.