पस कल्चरची सोय : बेळगावातली एक लॅब, साडेतीन स्टार

पस कल्चर म्हणजे जखमेतल्या पुवातले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध चालेल ते पाहणं. खानापूर, निपाणीकडून जखमेचे नमुने येतात, त्यामुळे इथे पहिला प्रश्न वाटेतल्या वेळेचा. साधा कोरडा स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी) दोन तासांत पोचायला हवा, नाहीतर नाजूक जंतू मरतात आणि बाकीचे माजतात. ही लॅब एमीज जेलवाली, म्हणजे वाटेत जंतू टिकवून धरणारी नळी देते. त्यात दिवसभर निभतं. याचे पूर्ण गुण.

नमुना घेणारी सिस्टरही जाणकार. आधी सलाईनने जखम धुते, वरचा पू पुसते, मग स्वच्छ मांसावर एक चौरस सेंटिमीटर जागेत स्वॅब दाबून पाच सेकंद फिरवते. वरवरचा पू उचलला की कातडीवरचे जंतू वाढतात आणि रुग्णाला नको ती औषधं लागतात. पू साठलेला असेल तर सिरिंजने ओढलेला नमुना केव्हाही सरस. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी जा, हे मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जखमेतल्या नेहमीच्या जंतूसाठी सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची 30 मायक्रोग्रॅमची चकती लावतात. भोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ 21 मिमी किंवा कमी भरलं की एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा जंतू. क्लिंडामायसिन या औषधाला जंतूचा लपलेला विरोध शोधणारी डी-टेस्टही करतात, बऱ्याच ठिकाणी ती गाळतात.

दीड स्टार कापला तो व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या चाचणीसाठी. चकती लावून 'सेन्सिटिव्ह' छापतात! स्टॅफिलोकॉकसमध्ये ते चकतीवर कळतच नाही, एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) काढावी लागते. रिपोर्टात एमआयसीचा आकडा नसेल तर त्या ओळीवर विसंबू नका. काउंटरवर मराठीत बोलतात. सूचनांचा कागद मात्र कन्नड आणि इंग्रजीतच.