बैठकीला गडद हिरवा रंग : खारपाणपट्ट्यातल्या घरातला साडेदहा महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही बैठकीच्या दोन भिंती गडद हिरव्या केल्या. परवा महालक्ष्म्या (गौरी) उठल्या. म्हणजे हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, तिन्ही या रंगावरून गेले. एक भिंत अजून हिरवी आहे आणि हिरवीच राहणार आहे. दुसरी आम्ही एप्रिलात खरवडून खाली चुन्याची आणि वर बदामी केली. दोन्हींचं काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण रंग घेताना मी जे जे वाचलं आणि पाहिलं ते सगळं शहरातल्या फ्लॅटचं होतं. तिथे ना कापूस घरात येतो, ना बोअरचं खारं पाणी.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा, त्यात आम्ही. जमिनीखालचं पाणी खारं. नळाचं गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरवर. घराचं बांधकामही बोअरच्याच पाण्यावर झालेलं, विटाही त्याच पाण्याने भिजवलेल्या. हे आधीच सांगते, कारण पुढची अर्धी गोष्ट त्या पाण्याचीच आहे.

बैठक चौदा बाय बारा, उंची दहा फूट. दार उत्तरेला सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, उघडतं. दारातून समोर दिसते ती दक्षिणेची भिंत आतली आहे, तिच्यामागे माजघर. पश्चिमेची भिंत बाहेरची, तिला कूलरची खिडकी. या दोन भिंती हिरव्या आणि बाकीच्या दोन बदामी, असं ठरलं. हिरवा म्हणजे पोपटी नाही आणि मेहंदीसारखा पिवळटही नाही. कडुनिंबाच्या जून पानाला सावलीत जो रंग दिसतो, तो. शेडकार्डाच्या बोटभर चौकटीवर तो कळत नाही. मी दुकानातून लहान डबी आणून एका पुठ्ठ्यावर दोन हात मारले आणि तो पुठ्ठा चार दिवस सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या भिंतीला लावून पाहिला. ज्यांना करायचं असेल त्यांनी एवढं तरी कराच.

दोन्ही भिंती मिळून साधारण अडीचशे चौरस फूट. दुकानदार म्हणाला, दोन लिटर पुरेल. लागलं चार. पहिला हात मारल्यावर भिंत इतकी भयंकर दिसली, कुठे गडद, कुठे पोपटी, रोलरचे पट्टे वेगळे, की माझा धीर सुटला. पेंटर म्हणाला, "पयला हात पाहून भेऊ नका वैनी, तिसऱ्या हातानं बसते हा." तिसऱ्या हाताने खरंच बसला. कारण नंतर समजलं. भिंत झाकायचं मुख्य काम रंगातली पांढरी पूड, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड करते. गडद शेडच्या डब्यात ती कमी असते आणि मशीनने सोडलेला रंग जास्त. त्यात आमचा प्रायमर पांढराशुभ्र. प्रायमरमध्येच थोडा राखाडी रंग मिसळून घेतला असता तर एक हात वाचला असता. ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही.

सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया होती, "काहून वं, शाळेचा फळा घरात आनला का?" मामाजी, म्हणजे सासरे, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाचायची खुर्ची बैठकीतून उचलून सपरीत नेली. मला ते लागलं. मग लक्षात आलं की त्यांचा रंगावर राग नव्हता, त्यांना अक्षरं दिसत नव्हती. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड खोलीत परत टाकते. हा हिरवा दहा टक्केसुद्धा टाकत नसेल. आमच्याकडे एक ९ वॅटचा पांढरा बल्ब होता, तो आधी पुरायचा. आता रात्री खोलीचे कोपरे बुडाले.

त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. पांढरा ६५०० केल्विनचा बल्ब काढला, कारण त्या उजेडात हा हिरवा निळसर, थंड आणि जवळजवळ काळा दिसायचा. त्याऐवजी ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे १२ वॅटचे दोन बल्ब लावले. एक छताला, एक मामाजींच्या खुर्चीमागे. पिवळ्या उजेडात भिंतीला पानाचा रंग आला. खुर्ची परत आत आली. लाइन गेली की मात्र अजूनही अडचण होते. इन्व्हर्टरवर एकच बल्ब आहे आणि त्या वेळी खोली खरंच अंधारी वाटते. जिथे रोज भारनियमन आहे आणि इन्व्हर्टर नाही, तिथे मी हा रंग सुचवणार नाही.

आता उन्हाळा. मला या रंगाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच आहे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. सकाळी दहाला वावरातून घरी येताना सगळा रस्ता पांढरा झालेला असतो. काळी माती उलून भेगाळलेली, तिच्यावरचा धुरकट फुफाटा, टिनपत्र्यांची चमक. पूर्वी दारातून आत पाऊल टाकलं की समोर पुन्हा पांढरी भिंत यायची आणि डोळे मिटावेसे वाटायचे. या वर्षी आत आल्यावर डोळे आपोआप उघडे राहिले. ऊन खाऊन आल्यावर रांजणातलं पाणी प्यायला मिळावं तसं वाटतं, एवढंच मला सांगता येईल. दुपारी बाराला सपरीच्या पायऱ्या चढून आलेली नणंद चप्पल काढता काढता म्हणाली, "किती गार वाटून रायलं वं इथं." आणि तेव्हा कूलर बंद होता.

खोली खरंच गार झाली का, तर नाही. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं आणि ते मी महिनाभर लिहून ठेवलं होतं. दुपारचे आकडे मागच्या उन्हाळ्यातले मला आठवतात जवळपास तसेच होते. उलट दोन शेजाऱ्यांनी "गडद रंगानं घर तापते" असं बजावलं होतं, तेही झालं नाही. ऊन थेट ज्या पृष्ठभागावर पडतं, तिथे गडद रंग तापतो. घराच्या आतल्या भिंतीवर ऊन पडतच नाही. आमची उष्णता येते ती स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. त्यासाठी गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले, आणि दुपारी जो थोडाबहुत फरक पडला तो चुन्याने पडला. हिरव्याने गार वाटतं ते डोळ्यांना. पण एप्रिल-मेमध्ये तेवढंही फार असतं.

पश्चिमेची भिंत. चूक आमची होती, आणि ती रंगाची नसून वेळेची होती. पावसाळा नुकताच संपलेला, त्या भिंतीवर चार महिने पावसाचा मारा झालेला, आणि आम्ही दिवाळीच्या घाईत तिच्यावर पुट्टी, प्रायमर, रंग असं सगळं चढवलं. वरून कोरडी दिसत होती. जानेवारीत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पांढरे ढग दिसू लागले. बोटाने घासलं तर पीठ निघायचं. मी ओल्या फडक्याने पुसलं, दोन दिवसांत परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. फेब्रुवारीत रंगाला फोड आले आणि पापुद्रे सुटले.

हा खार. भिंतीतलं पाणी सुकताना बाहेर येतं, येताना विटांमधला आणि प्लास्टरमधला खार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि खार भिंतीवर बसतो. रंगाचा थर घट्ट असला तर खार त्याच्या मागे साठतो आणि रंगालाच ढकलून देतो. म्हणून तो पावसाळ्यात कमी आणि भिंत सुकायला लागली की जास्त दिसतो. आणि म्हणूनच पाण्याने पुसू नये. पुसलेलं पाणी खाराला विरघळवून परत आत नेतं. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद धरायचा आणि ते पीठ घराबाहेर टाकायचं.

सासूबाईंनी तेव्हा जे सांगितलं ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, या भिंतीला खार पयलेपासूनच येते, दर वर्षी येते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पांढरा खार कोणाला दिसणार? शिवाय चुना श्वास घेतो, ओल अडवत नाही, दर दिवाळीला नवा हात बसतो आणि जुनं झाकलं जातं. आठ वर्षं मी त्याच भिंतीजवळ बसून भाजी निवडली आणि मला कधी कळलं नाही. गडद हिरव्याने ते पहिल्याच हिवाळ्यात दाखवून दिलं.

एप्रिलात ती भिंत खालून तीन फूट खरवडून काढली. दीड महिना तशीच उघडी ठेवावी असं पेंटरचं म्हणणं होतं, आम्ही वीसच दिवस ठेवली. मग खालचा भाग चुन्याचा आणि वरचा बदामी केला. या पावसाळ्यानंतर तिचं काय होतं ते पुढच्या जानेवारीत कळेल. तुमच्या घराला जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल आणि पाणी खारं असेल, तर बाहेरच्या भिंतीला गडद रंग देऊच नका. आतली भिंत निवडा, आणि माघ-फाल्गुनात रंगवा. भिंत तोवर सुकलेली असते आणि ऊन इतकं कडक नसतं की रोलरचा एक पट्टा दुसऱ्याला मिळायच्या आत वाळून जावा.

कूलरचेही डाग पडले. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार खिडकीजवळ उडतात आणि वाळले की पांढरे ठिपके राहतात. कूलर खिडकीबाहेर चार बोटं मागे सरकवला, तेव्हा कमी झाले.

फिनिश आम्ही पूर्ण मॅट घेतलं, कारण चमक असली की पुट्टीतले खड्डे-उंचवटे दिसतात आणि गडद रंगावर जास्तच दिसतात. ते खरं आहे. पण मॅटवर जिथे हात घासला जातो तिथे तुकतुकीत डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. दिव्याच्या बटणाशेजारी आणि सोफ्याच्या पाठीमागे पडलाय. पुन्हा करायची वेळ आली तर किंचित चमक असलेला, धुता येणारा रंग घेईन आणि पुट्टी घासायला एक दिवस जास्त देईन. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून ठेवला आहे, शेडचा नंबर झाकणावर लिहून. मधेच ठिगळासारखा हात मारला तर ठिगळच दिसतं, म्हणून लावायचं झालं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावा.

आणि कापूस. वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत आमचा कापूस बैठकीतच असतो, दर वर्षी. डिसेंबरात दक्षिणेच्या भिंतीला टेकून छातीइतका ढीग होता. हिरव्या भिंतीपुढे पांढराशुभ्र कापूस इतका सुंदर दिसत होता की मामाजींनी स्वतः फोटो काढायला लावला. पण ढीग उचलल्यावर भिंतीला रुई चिकटलेली. मॅट रंगाचा पोत खरबरीत, रुई त्याला धरून बसते. झाडूने ती पसरते. मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली काढावी लागली, दोन दुपारी गेल्या. धूळही या रंगावर लगेच दिसते. काळ्या मातीचा फुफाटा पांढऱ्या भिंतीवर मळकट दिसायचा, हिरव्यावर तो राखाडी पावडरीसारखा दिसतो. पंधरा दिवसांतून एकदा झटकणं आलंच.

सामानाचं सांगायचं तर नवीन काहीच घेतलं नाही. सागवानी दिवाण याच भिंतीसाठी केल्यासारखा वाटतो. सासूबाईंचे पितळी गुंड (पाण्याची भांडी) आणि समई आधी माजघराच्या फळीवर होते, ते चिंचेने घासून इथे मांडले. स्टीलचं रॅक मात्र फार परकं दिसायचं, ते आत नेलं. गाडगेबाबांचा फोटो, त्यांचं शेंडगाव आमच्याकडून जवळच आहे, साध्या लाकडी चौकटीत मधोमध लावला. पडदे हिरवे घेऊ नका, बदामी किंवा खादीचे कोरे घ्या.

महालक्ष्म्यांच्या वेळी मला धाकधूक होती. आमच्याकडे दर वर्षी मागे चमकीचा पडदा लावून आरास करतात. या वर्षी जाऊबाई म्हणाल्या, पडदा नकोच. ज्येष्ठेला लाल आणि कनिष्ठेला हळदी पिवळं लुगडं नेसवलं, वर फुलोरा टांगला, दोन्ही बाजूंना समया. करंज्या, पापड्या, वेण्या, फुलोऱ्याचा एकेक पदार्थ त्या हिरव्यावर वेगळा उठून दिसत होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उंबऱ्यातच थांबून पाहत होत्या. सासूबाई कोणालातरी सांगत होत्या, "आमच्या सुनेनं रंगवून घेतली ही भित."

आता पहिल्या वेच्याला महिना-दीड महिना आहे. मामाजींनी चार बल्ल्या आणि एक ताडपत्री आणून ठेवली आहे. यंदा कापूस भिंतीपासून हातभर सोडून लावायचा, असं त्यांनीच ठरवलंय.