दापोलीतील एका करिअर मार्गदर्शन केंद्राविषयी: पालक म्हणून दोन वर्षांचा अनुभव

माझी मुलगी आणि माझा पुतण्या या दोघांनी अकरावी-बारावीच्या काळात दापोलीतील एका मार्गदर्शन केंद्रात तयारी केली. महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा, एनडीए (सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा) आणि अग्निवीर भरती या तिन्हींची तयारी तेथे करून घेतली जाते. काही उणिवाही स्पष्टपणे लिहायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. दापोली, मंडणगड, गुहागर या भागातील पालकांना अशा ठिकाणी प्रवेश घेताना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, एवढाच हेतू आहे.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. तरीही आमच्याकडची मुले पुढे अडखळतात. कोणती परीक्षा कधी असते, तिला कोणते विषय आणि कोणते दाखले लागतात, हे त्यांना फार उशिरा कळते, हेच त्याचे मुख्य कारण आहे असे माझे ठाम मत आहे. या केंद्राने आमच्या घरासाठी सर्वांत मोलाचे काम केले ते याच बाबतीत.

दहावीच्या निकालानंतर मुलगी गणित सोडून जीवशास्त्र घेणार होती, कारण तिच्या मैत्रिणी तेच घेत होत्या. मात्र सैन्यात अधिकारी व्हायची इच्छाही ती बोलून दाखवत असे. प्रवेशाची चौकशी करायला गेलो, तेव्हा तेथील सरांनी शुल्काचा विषय काढण्याआधी एनडीएची जुनी प्रश्नपत्रिका तिच्यासमोर ठेवली. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात, नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावेच लागते, आणि वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे एवढीच असल्यामुळे चुकलेले वर्ष परत मिळत नाही, हे त्यांनी तिला अर्ध्या तासात समजावून सांगितले. घरी परतताना एस.टी.तच तिने गणित ठेवायचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. त्या संचलनाची दृश्ये आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिली, तेव्हा तो अर्धा तास मला पुन्हा आठवला.

दाखल्यांच्या बाबतीतही हे केंद्र अत्यंत काटेकोर आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करायला लावतात, नॉन-क्रिमिलेअर आणि अधिवास दाखल्यासाठी सेतू कार्यालयात कोणती कागदपत्रे न्यायची याची यादी देतात आणि दर महिन्याला तपासतात. निकालानंतर तहसील कार्यालयाबाहेर रांगेत ताटकळणारी आणि वैधता वेळेत न मिळाल्यामुळे हाती आलेली जागा गमावणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

पुतण्याचा अनुभव मात्र निराळा आणि सुरुवातीला कडू होता. हर्णै बंदराजवळ वाढलेल्या या मुलाला मर्चंट नेव्हीखेरीज दुसरे काही नको होते आणि मुंबईतील एका दलालाने त्याच्या वडिलांकडे आगाऊ रकमेची मागणीही केली होती. केंद्रातील सरांनी कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्यायला सांगितले. तपासणीत रंगांची ओळख सदोष असल्याचे निघाले, आणि जहाजावरील अधिकाऱ्याला दिव्यांचे रंग अचूक ओळखता येणे अनिवार्य असल्यामुळे ती वाट तेथेच बंद झाली. आठ दिवस मुलगा कोणाशी बोलला नाही. त्यानंतर सरांनी त्याला रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाची माहिती दिली. तेथील चार वर्षांच्या पदवीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आज तो तेथे शिकतो आहे. त्या एका डोळे तपासणीने माझ्या भावाचे काही लाख रुपये वाचवले.

अग्निवीर भरतीविषयीही पालकांना भुलवले जात नाही. सेवा चार वर्षांची आहे, त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश जवान कायम होतात आणि उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो, हे पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून सांगितले गेले. महाडजवळच्या फौजी आंबवडेसारखी गावे असलेल्या आपल्या पट्ट्यात भरतीविषयी आदर इतका आहे की हे आकडे विचारायला पालक कचरतात. ते न विचारता सांगितले गेले, याबद्दल मी केंद्राचा आभारी आहे.

मैदानी तयारी मात्र कमी पडते. पहाटे ओहोटीच्या वेळी कर्दे किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूवर मुलांना पळवतात. दम वाढण्यासाठी ते उत्तम आहे, पण अंतर अंदाजाने धरले जाते. भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केले तरच धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळतात. मोजलेल्या मैदानावर घड्याळ लावून पळण्याची सवय नसलेली आमच्या गावातील दोन मुले थोडक्या सेकंदांनी मागच्या, कमी गुणांच्या गटात गेली. पावसाळ्यात तर सराव जवळजवळ थांबतोच; निदान एखाद्या सभागृहात व्यायाम आणि पुल-अप्स तरी चालू ठेवता आले असते.

माझी सर्वांत गंभीर तक्रार एसएसबीच्या, म्हणजे लेखी परीक्षेनंतर सैन्याचे निवड मंडळ घेते त्या मुलाखत-चाचणीच्या तयारीविषयी आहे. लेखीइतकेच, म्हणजे ९०० गुण असलेल्या या पाच दिवसांच्या निवड प्रक्रियेत चित्र अर्धा मिनिट दाखवून चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात, आणि त्यातून उमेदवाराचा स्वभाव जोखला जातो. केंद्राने मुलांना तयार गोष्टी लिहून देऊन पाठ करायला लावल्या. प्रत्येक चित्रातला नायक पुराच्या पाण्यात उडी घेतो आणि गाव वाचवतो. माझी मुलगी दुसऱ्या प्रयत्नात लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली, पण एसएसबीच्या अखेरच्या दिवशी परत आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तेथे तिला स्वतःची गोष्ट सुचण्याआधी पाठ केलेली गोष्ट आठवत होती. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते: वादळानंतर पडलेली पोफळीची बाग आजीबरोबर पुन्हा उभी करताना तिने काय केले, हे तिला कोणी केंद्रात कधी विचारले नाही. ही चूक सुधारता येण्यासारखी आहे आणि ती सुधारावी, अशी विनंती मी केंद्रचालकांना लेखी स्वरूपात केली आहे.

सीईटीचे शिकवणे मध्यम दर्जाचे आहे. रसायनशास्त्र चांगले होते. गणितात प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असूनही त्याला पुरेसा वेळ दिला गेला नाही. परीक्षा संगणकावर असताना सराव बहुतांशी कागदावर झाला, ही उणीवही आहे. तरीही मुलीला लोणेरे येथे अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, आणि पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा द्यायची हे तिने आताच ठरवले आहे.

वर्षाला १८ हजार रुपये शुल्क आम्ही दोन हप्त्यांत भरले. त्या मानाने मिळालेले मार्गदर्शन मला योग्य वाटले. संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर केळशी, आंजर्ल्याकडे जाणारी गाडी मिळेल का, हे प्रवेशापूर्वी स्थानकावर विचारून घ्यावे, कारण मुलींसाठी हा प्रश्न दर आठवड्याला उभा राहतो. धाकटा मुलगा यंदा दहावीत आहे. त्याला आम्ही येथेच घालणार आहोत, मात्र धावण्याचा सराव त्याच्या शाळेच्या मोजलेल्या मैदानावर मी स्वतः घड्याळ घेऊन करून घेणार आहे.