बिलात नवा एसी फिल्टर, गाडीत जुनाच: ४,५९० रुपयांचा चुना

४,५९० रुपये २० पैसे. वीस पैसेसुद्धा लिहितोय, कारण सर्व्हिस सेंटरनेही ते सोडले नाहीत.

बिलातल्या चार ओळी अशा: केबिन एअर फिल्टर (म्हणजे एसी फिल्टर, गाडीत येणारी हवा गाळणारा) ६४०, फिल्टर बदलण्याची मजुरी ३५०, एसी डिसइन्फेक्शन १,२५०, इव्हॅपोरेटर (एसीची हवा गार करणारी जाळी) फोम क्लीनिंग १,६५०. बेरीज ३,८९०. त्यावर १८ टक्के जीएसटी ७००.२०. ऑइल, ऑइल फिल्टर आणि बाकीचं वेगळं. त्यावरही आता शंका येते, पण ते सिद्ध करता येत नाही. या चार ओळींतलं मात्र एकही काम झालं नव्हतं. एकोणीस दिवसांनी ग्लव्हबॉक्स उतरवला, तर आत जुनाच फिल्टर. कडेला मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: २१,४०० किमी.

हसा. ज्याला फिल्टर स्वतः बदलता येतो, जो बदलल्यावर त्यावर आकडा टाकून ठेवतो, तोच पैसे भरण्याआधी तो आकडा बघायला विसरला. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की गाडी ३८,२०० किलोमीटरवर होती, म्हणजे त्या फिल्टरचे १६,८०० झाले होते. बदलायची वेळ आलीच होती. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १५ ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं काहीतरी दिलेलं असतं, आणि मेट्रोची, पुलाची कामं सुरू असलेल्या रस्त्यांवर त्याआधीच तो भरतो. काचेवर वाफ धरत होती, ब्लोअर चारवर ठेवूनही हवा दोनची येत होती. त्यांनी सांगितलेलं खरंच होतं. म्हणून तर गळाला लागलो. नसलेला रोग सांगितला असता तर तिथल्या तिथे पकडला असता.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. गाडी पिकअप-ड्रॉपवर गेलेली. दुपारी सव्वाबाराला सर्व्हिस अॅडव्हायझरचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला: हातात धरलेला काळाकुट्ट फिल्टर, खाली “सर, तुमचा एसी फिल्टर बघा, अप्रूव्हल द्या”. फोटोच्या वर बारीक करड्या अक्षरांत ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. मेकॅनिकने याला पाठवला असेल आणि याने मला, अशी समजूतही माझी मीच घालून घेतली. पण त्या फिल्टरला चारी बाजूंनी कडक प्लॅस्टिकची चौकट होती. माझ्या गाडीचा फिल्टर बिनचौकटीचा. कडा फेल्टसारख्या मऊ, दोन बोटांत दाबल्या तर दबतात. चौकटवाला त्या खाचेत शिरतच नाही. हे मला माहीत होतं, फोटो डोळ्यांसमोर होता, आणि मी ‘ओके’ टाइप केलं. साध्या दोन अक्षरांना ४,५९० रुपये.

दुसऱ्याच्या गाडीचा घाण फिल्टर दाखवायचा, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा एक पोटप्रकार कमी जणांना ठाऊक असतो. कार्बन फिल्टर नवा असतानाच करडा-काळा असतो, कारण त्याच्या दोन थरांमध्ये कोळशाचे बारीक दाणे असतात. साधा फिल्टर पांढरा असतो. ज्याने आयुष्यात पांढराच पाहिला त्याला दोन महिन्यांचा कार्बन फिल्टर दाखवून “बघा किती काळा झालाय” म्हटलं की काम फत्ते. रंगावर जाऊ नका. घड्या किंचित फाकवा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. घड्यांच्या तळाशी धुळीचा नमदा बसला असेल, पानं-किडे अडकले असतील, ओलसर कुबट वास येत असेल किंवा उंदराने कुरतडलं असेल, तर बदलायचा. नुसता करडा दिसतोय म्हणून नाही.

उलटंही होतं. बिल कार्बनचं आणि आत पांढरा साधा. साधा बाहेर दोनशे ते चारशेत मिळतो, कार्बन त्याच्या जवळपास दुप्पट. मधला फरक कोणाच्या खिशात जातो ते सांगायला नको. म्हणून रिकामं खोकं मागून घ्या. त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते, ती बिलाशी ताडून बघा.

आणि बिलात नुसतं ‘एअर फिल्टर’ लिहिलं असेल तर कोणता ते विचारा. इंजिनचा एअर फिल्टर बॉनेटखाली डब्यात असतो, केबिनचा बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्समागे. दोन्ही एकाच नावाने लावायचे आणि एकच बदलायचा, हाही धंदा चालतो. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये तर कंपनीकडून केबिन फिल्टर येतच नाही, नुसती खाच आणि वर झाकण. अशा गाडीत ‘फिल्टर क्लीनिंग’चे पैसे घेणारे महाभाग आहेत.

काम किती मोठं आहे म्हणून ३५० रुपये मजुरी? गाडी बंद करा, ग्लव्हबॉक्स रिकामा करा. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असतो (झाकण सावकाश उघडावं म्हणून), तो सोडवा. मग खोक्याच्या दोन्ही भिंती आत दाबा, अडकणी सुटतात आणि खोकं खाली लोंबतं. दिसत नसेल तर मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत स्क्रू असतात, आणि जोर केला की प्लॅस्टिकचा कान तुटतो, तो परत चिकटत नाही. मागे आडवं चौकोनी झाकण दिसतं. त्याच्या कडेच्या पट्ट्या दाबून काढा. फिल्टर सपाट धरून सावकाश ओढा, हिसका नको. वरचा कचरा खाली ब्लोअरच्या पंख्यात पडला की पंखा लावल्याबरोबर टकटक सुरू होते, आणि ती काढायला ब्लोअरची मोटर उतरवावी लागते. काढतानाच बाण कुठे आहे त्याचा फोटो घ्या. फिल्टरवरचा बाण म्हणजे हवेची दिशा. पंख्याच्या वर बसणाऱ्या फिल्टरमध्ये तो बहुधा खाली असतो, पण सगळ्या गाड्यांत नाही. ‘अप’ असं लिहिलं असेल तर ती हवेची दिशा नाही, ती कड वर ठेवायची एवढाच अर्थ. या दोघांत गल्लत करणारे मेकॅनिकही पाहिलेत.

खाच ओल्या फडक्याने पुसून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सगळी धूळ इव्हॅपोरेटरच्या जाळीत जाऊन बसते. नवा फिल्टर मुडपून कोंबायचा नाही. मापाला लहान निघाला तर कडेच्या फटीतून धूळ सरळ आत जाते. थोड्या दिवसांनी खाचेच्या कडेला काळे ओघळ दिसले तर समजा की हवा फिल्टर चुकवून जातेय. झाकण दोन्हीकडे ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा, नाहीतर शिट्टीसारखा आवाज येतो. झालं. दहा मिनिटं, आणि पहिल्यांदा करत असाल तर अर्धा तास.

धुऊन चालेल का? कागदी किंवा न विणलेल्या कापडासारखा फिल्टर धुतला की बारीक धूळ पकडायची त्याची ताकद जाते आणि ओला राहिला तर बुरशी धरते. हवेचा झोत मारून ‘साफ’ केलेलाही दिसायला बरा, आतून तंतू फाटलेला. चार दिवस ढकलायचे असतील तर उलटा धरून हलके झटका, तेवढंच. जाळीवाला असेल आणि मॅन्युअलमध्ये धुवा असं लिहिलं असेल, तरच धुवा.

बाकीच्या २,९०० रुपयांबद्दल. ‘डिसइन्फेक्शन’ आणि ‘फोम क्लीनिंग’ या दोन ओळी एकत्र दिसल्या की थांबा. फोम क्लीनिंग म्हणजे फिल्टर काढून त्या जागेतून, नाहीतर पाणी निघतं त्या नळीतून, इव्हॅपोरेटरवर फेस मारायचा. तो विरघळून घाणीसकट त्याच नळीतून गाडीखाली गळतो. म्हणजे फिल्टर काढलेला असायला हवा किंवा नळीचं तोंड तरी ताजं धुतलेलं दिसायला हवं. माझ्या गाडीच्या नळीवर वर्षभराचा चिखल तसाच वाळलेला होता. त्यांनी काय केलं, तर व्हेंटमध्ये लिंबाच्या वासाचा स्प्रे मारला. तो वास चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पुन्हा ओल्या पायपुसण्याचा वास. (तो वास फिल्टरपेक्षा ओल्या इव्हॅपोरेटरचा जास्त असतो. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. फुकट उपाय आहे, म्हणून कोणी सांगत नाही.)

जाता जाता: हवा जोरात येते पण गार नाही, तर फिल्टरचा दोष नाही, गॅस, कंडेन्सर, कॉम्प्रेसर बघा. हवाच कमी येते, तर आधी फिल्टर. एवढा फरक कळला तरी अर्धी बिलं वाचतात.

आता दाद मागण्याची कथा. सर्व्हिस मॅनेजरचं पहिलं वाक्य: “मुलाने चुकून जुनाच बसवला असेल.” मग नवा कुठे आहे? त्याचं खोकं? गप्प. मग फोम क्लीनिंगही चुकून राहिलं? त्यावर पुढच्या सर्व्हिसला १० टक्के सवलतीचं कूपन पुढे केलं. कूपनवर बारीक अक्षरांत छापलेलं की फिल्टर व कन्झ्युमेबल्सना लागू नाही. पैसे परत मागितले तर म्हणे सिस्टीममध्ये बिल बंद झालंय. यांची सिस्टीम पैसे घेताना कधी बंद नसते.

कंपनीच्या कॉल सेंटरवर तक्रार नोंदवली. ती तपासाला कुठे गेली? त्याच वर्कशॉपकडे! चोराकडेच पंचनामा. तिसऱ्या दिवशी मेसेज: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झाले आहे. पुन्हा फोन केला तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, “सर, तुम्ही तर फीडबॅकमध्ये दहापैकी दहा दिलेत.” दिले होते. गाडी आणून देणारा ड्रायव्हर चावी हातात धरून “सर, दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात” म्हणाला, मी दिले. त्याचा दोष नाही. पण कृपा करून गाडी आठवडाभर चालवल्याशिवाय कोणालाही दहा देऊ नका, तो आकडा तुमच्याच गळ्याला बांधतात.

सरकारी तक्रारखिडकीवर ऑनलाइन अर्ज केला. त्यांनी तो कंपनीला पाठवला, कंपनीने उत्तर दिलं की ग्राहकाने एस्टिमेटला लेखी मंजुरी दिली होती, आणि अर्जावर शिक्का बसला: निकाली. अहो, मंजुरी काम करायला दिली होती, न करायला नव्हे! हे लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. पोलिस चौकीत साहेबांनी बिल उलटसुलट पाहिलं, “साडेचार हजारांसाठी?” असं विचारलं आणि प्रकरण दिवाणी ठरवून मोकळे झाले. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, एवढी ज्ञानात भर पडली. तीन ठिकाणी मिळून सहा फेऱ्या, अकरा फोन. प्रत्येक ठिकाणी मीच आरोपी असल्यासारखे प्रश्न: लगेच का नाही पाहिलं? एकोणीस दिवस काय केलं? एसीचा फिल्टर रोज काढून कोण बघतं, हे त्यांनीच सांगावं.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. किती दिवस लागतात ते आयोगाच्या बाकावर बसलेल्यांना विचारा.

पिकअपला गाडी देण्याआधी फिल्टरच्या कडेवर पेनाने खूण करा, झाकणाच्या सांध्यावर कागदी टेपचा तुकडा लावा आणि दोन्हींचे फोटो ठेवा. जॉबकार्डवर (कामांची यादी लिहिलेल्या कागदावर) ‘बदललेले भाग परत हवेत’ असं आपल्या हाताने लिहा. ड्रायव्हर लिहू देत नसेल तर व्हॉट्सअॅपवर पाठवा. अप्रूव्हल मागितलं की फोटो नको म्हणा, तुमची नंबरप्लेट आणि फिल्टर एकाच चौकटीत दिसेल असा व्हिडिओ मागा. पैसे भरून गेटपास घेतल्यावर कोणी ओळख दाखवत नाही, ग्लव्हबॉक्स त्याआधी उघडा. ‘व्हॅल्यू अॅडेड’ (म्हणजे वरून जोडलेली जादा कामं) नावाची प्रत्येक ओळ आधी खोडा, मग कारण ऐका. अॅडव्हायझरला त्याचं टार्गेट असतं, तुमच्या नाकाचं नाही.

जुना फिल्टर सापडला तर रागाने फेकू नका. जागेवर असतानाच व्हिडिओ करा, ओडोमीटरही त्याच व्हिडिओत घ्या, कट न करता. मी आधी फिल्टर ओढून काढला आणि मग फोटो घेतला, तेव्हा मॅनेजरने “हा तुम्ही घरून आणला नसेल कशावरून” असंही विचारून घेतलं. तक्रारीला बिल, त्यांचा फॉरवर्डेड फोटो, माझं ‘ओके’ आणि चौकटवाल्या व बिनचौकटीच्या फिल्टरची मापं जोडली आहेत. आतला फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलाय. वायपरखालच्या जाळीतून आत शिरलेली गुलमोहराची बारीक पानं घड्यांमध्ये तशीच आहेत. फोटोतल्या त्या फिल्टरमध्ये एकही पान नव्हतं.