रिकाम्या न केलेल्या नळ्या आणि ९८३ डॉलरचे बिल

हे लिहायला बसायचे मी अनेकदा ठरवले आणि प्रत्येक वेळी उठून गेलो, कारण आधी राग यायचा आणि रागामागून लाज. घरामागचा जलतरण तलाव हिवाळ्यासाठी बंद करून देणाऱ्या माणसाला मी ऑक्टोबरमध्ये ९८३ डॉलर दिले, आणि त्याने ते काम केलेच नव्हते म्हणून एप्रिलच्या अखेरीस दुरुस्तीसाठी आणखी ४,४०० डॉलर दिले. एकूण ५,३८३ डॉलर गेले आणि त्यांपैकी एकही परत आलेला नाही. कमी दर सांगून अंगणात शिरायचे आणि मग दोष दाखवून बिल फुगवायचे, हा प्रकार आपल्या सर्वांना ठाऊक आहे, मलाही होता. मला उमगले नव्हते ते इतकेच, की या कामातली लबाडी सहा महिने बर्फाखाली आणि आच्छादनाखाली सुरक्षित राहते, आणि ती उघडी पडते तेव्हा तक्रारीच्या बहुतेक मुदती संपलेल्या असतात.

अमेरिकेच्या ज्या भागांत जमीन गोठते तिथे तलावाचे पाणी थोडे खाली उतरवून जमिनीखालच्या नळ्या हवेच्या झोताने रिकाम्या कराव्या लागतात आणि त्यांची तोंडे प्लग लावून बंद करावी लागतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि पीव्हीसीच्या नळीत अडकलेल्या पाण्याला फुगायला जागा नसली की नळी तडकते. हे मी वाचलेले होते. आमच्या तलावाला दोन स्किमर (पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणारी तोंडे), पाच रिटर्न (गाळलेले पाणी तलावात परत सोडणारी तोंडे) आणि तळाशी एक मेन ड्रेन (तळाचे पाणी ओढणारे तोंड) आहे, म्हणजे आठ तोंडे. त्याखेरीज पंप, फिल्टर आणि हीटर. आधी हे काम करणारे गृहस्थ निवृत्त झाल्यामुळे मी नवा माणूस शोधला. त्याच्याकडे छापील बिलबुक होते, बिलावर नोंदणी क्रमांक होता, गाडीवर नाव होते आणि त्याने फोनवर सांगितलेला २८५ डॉलरचा दर संशय यावा इतका कमीही नव्हता. मी डोळे मिटून कुणालाही बोलावले, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तो आला आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याने मला पंपाजवळ बोलावून घेतले. एका स्किमरच्या नळीला त्याने हवेचा दाब दिला होता आणि दाब मोजणाऱ्या गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होता. ‘ही लाइन गळते आहे, अशीच बंद केली तर हिवाळ्यात फुटेल,’ असे सांगून त्याने ‘लाइन सील’ करण्याचे ३४० डॉलर सांगितले. मला तेव्हा सुचायला हवे होते की दाबाच्या चाचणीला काही अर्थ असायचा तर नळीचे दुसरे टोक घट्ट बंद असावे लागते. ते उघडे होते. उघड्या टोकाच्या नळीत दाब टिकेलच कसा? गळती बुजवणारी द्रव्ये मिळतात हे खरे आहे, पण ती पंप चालू ठेवून पाण्याबरोबर फिरवावी लागतात, म्हणजे पाण्यासोबत ती भेगेपर्यंत पोहोचतात; तलाव बंद करण्याच्या दिवशी, रिकाम्या होऊ घातलेल्या नळीत बाटलीभर द्रव ओतून काहीही सील होत नाही. तुमच्याकडे कुणी असा उतरणारा काटा दाखवला, तर आधी विचारा की दुसऱ्या तोंडाचा प्लग कुठे आहे, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

त्यानंतर सहा डबे अँटिफ्रीझचे, म्हणजे नळीत गोठण्यापासून बचावासाठी ओतायच्या द्रवाचे, १६८ डॉलर झाले आणि नळी फुटल्यास फुकट दुरुस्तीची हमी म्हणून १९० डॉलर. २८५ डॉलर मी क्रेडिट कार्डाने दिले. उरलेले ६९८ डॉलर, ‘साहित्याचे पैसे कार्डावर घेता येत नाहीत’ असे त्याने सांगितल्यामुळे, बँकेच्या ॲपवरून थेट त्याच्या खात्यावर पाठवले. हे वाक्य लिहितानाही माझा हात अडखळतो आहे.

पण ज्या क्षणाकडे मी पुनःपुन्हा परत जातो तो याच्याही नंतरचा आहे. मेन ड्रेन तलावाच्या तळाशी, पाण्याखाली असतो. त्याला वरून प्लग लावता येत नाही. म्हणून त्या नळीत पंपाकडून हवा सोडत राहतात, तळातून मोठे बुडबुडे उसळून वर येऊ लागतात, आणि हवा चालू असतानाच पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद करतात, म्हणजे आत कोंडलेली हवा पाण्याला नळीत परत चढू देत नाही. निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मला हे आदल्या वर्षी काठावर उभे करून दाखवले होते आणि खोल बाजूचे पाणी खळखळून उकळल्यासारखे झालेले मी पाहिले होते. या वेळी मी त्याच काठावर, त्याच जागी उभा होतो. कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला, थोड्या वेळाने थांबला, आणि पाणी हलले नाही. वाऱ्याने आलेली पाने होती तिथेच तरंगत राहिली. मी त्याला विचारले, ‘तळातून बुडबुडे आले नाहीत?’ तो मान वर न करता म्हणाला, ‘तलाव खोल असला की ते दिसत नाहीत.’ आणि मी गप्प बसलो. आदल्या वर्षी याच तलावात, याच खोलीवरून ते मला दिसले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी एका अनोळखी माणसाच्या एका वाक्यासाठी खोटी मानली. त्या क्षणी ‘मला पुन्हा करून दाखवा’ एवढे चार शब्द मी बोललो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते.

बुडबुडे दिसले नाहीत तर नळी रिकामी झालेली नाही. यावर कुणाचेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

रिटर्नचेही तसेच झाले. झोत लागला की त्या तोंडातून आधी पाणी जोराने येते, मग हवा आणि पाणी मिसळून, आणि शेवटी नुसते तुषार. तोवर थांबून मग रबरी प्लग बसवून त्याचा नट आवळायचा असतो. त्याने पाचही रिटर्नना प्लग बसवले, फार नीटनेटके बसवले, आणि ते पाहूनच मला काम झाल्यासारखे वाटले. नळ्यांत पाणी तसेच होते. घराच्या कॅमेऱ्यात त्याची गाडी ३ वाजून १० मिनिटांनी आलेली आणि ३ वाजून ५२ मिनिटांनी गेलेली दिसते. दोन स्किमर, पाच रिटर्न, मेन ड्रेन, पंप, फिल्टर आणि हीटर असे सगळे ४२ मिनिटांत. त्यांत कॉम्प्रेसरचा आवाज अवघा चार मिनिटे. आधीच्या गृहस्थांना दोन तासांहून अधिक वेळ लागत असे, आणि ते हळू काम करतात असे तेव्हा मला वाटायचे, याचेही आज वाईट वाटते.

जाताना त्याने अँटिफ्रीझचे सहा रिकामे डबे भिंतीशी ओळीने लावून ठेवले होते, मी मोजून घ्यावेत म्हणून. मी मोजले. ते त्याने भरलेले आणले होते की रिकामेच, हे मी पाहिले नव्हते. दीड इंची नळीच्या दर दहा फुटांना साधारण एक गॅलन द्रव लागतो, त्यामुळे सहा गॅलन हा आकडा आमच्या आठ नळ्यांसाठी तसाही पुरेसा नव्हता. शिवाय हे द्रव रिकाम्या नळीत राहिलेल्या थोड्या पाण्यासाठी असते. पाण्याने भरलेल्या नळीत ते ओतले तर पातळ होऊन निरुपयोगी ठरते. डब्यावर उणे ५० फॅरेनहाइट असे ठळक छापलेले असले, तरी पाणी न मिसळलेल्या द्रवाने भरलेली नळी ज्या तापमानापर्यंत फुटत नाही, त्याचा तो आकडा असतो. द्रवाचा घट्ट लगदा होणे त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. आणि मोटारगाडीचे अँटिफ्रीझ कुणालाही तलावात ओतू देऊ नका, ते विषारी असते. तलावासाठीचे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. डब्यांची सील तुमच्या समोर तोडायला सांगा.

एप्रिलमध्ये तलाव उघडायला दुसरा माणूस आला. त्याने पंपाच्या तळाचे दोन्ही ड्रेन प्लग पाहिले आणि तिथेच थांबला, कारण ते हिवाळाभर काढून पंपाच्या टोपलीत ठेवायचे असतात आणि आमचे जागच्या जागी घट्ट बसलेले होते. पंपाचे आवरण तडकले होते. हीटरमधील पाण्याचा निचरा झालेला नव्हता, त्यामुळे आतली तांब्याची नळ्यांची जाळी फाटली होती. रिटर्नचे प्लग काढल्यावर साधे पाणी आले, अँटिफ्रीझच्या रंगीत द्रवाचा थेंबही नाही. स्किमरची एक नळी आणि रिटर्नची एक नळी जमिनीखाली फुटली होती. काँक्रीट फोडून बाहेर काढलेल्या तुकड्यावर १४ इंच लांबीची उभी चीर होती. त्या माणसाने मला समजावून सांगितले की रिकाम्या नळीला लावलेला प्लग तिचे रक्षण करतो, पण भरलेल्या नळीला लावलेला प्लग बर्फाला फुगायला उरलेली शेवटची वाटही बंद करतो. काँक्रीट आणि नळ्यांचे २,३५० डॉलर, हीटरचे १,६४०, पंपाचे ४१०. ज्या नळीत गळती असल्याचे सांगून माझ्याकडून ३४० डॉलर घेतले होते, ती मात्र धडधाकट निघाली. दोन्ही टोके बंद करून दाब दिल्यावर काटा अर्धा तास जागचा हलला नाही.

हमीच्या कागदावरचा फोन बंद होता. तिथून पुढे जे झाले ते त्या माणसाच्या लबाडीइतकेच मला लागले आहे. कार्ड देणाऱ्या संस्थेने सांगितले की बिलातील चुकीची लेखी तक्रार बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत करायला हवी होती. ६० दिवस म्हणजे डिसेंबर. डिसेंबरमध्ये तलावावर आच्छादन होते आणि त्यावर बर्फ. नळी जानेवारीत फुटणार असेल, तर तिची तक्रार डिसेंबरमध्ये कशी करायची, या माझ्या प्रश्नाला त्यांनी त्याच परिच्छेदाची दुसरी प्रत पाठवली. बँकेने ६९८ डॉलरबाबत कळवले की व्यवहार मी स्वतः मंजूर केलेला असल्याने तो फसवणुकीत मोडत नाही. विमा कंपनीने सदोष कारागिरी वगळल्याचे कलम दाखवले. म्हणजे काम वाईट झाले हे त्यांना मान्य होते, फक्त भरपाई मान्य नव्हती. पोलीस ठाण्यात माझा अर्ज वाचण्याआधीच ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले गेले. मी रिकाम्या डब्यांची छायाचित्रे, कॅमेऱ्याची चित्रफीत, फुटलेली नळी, दोन्ही बिले असे सगळे घेऊन गेलो होतो. समोरच्या अधिकाऱ्याने नळी टेबलावर ठेवू नका एवढेच सांगितले. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने ११ आठवड्यांनी कळवले की बिलावरचा नोंदणी क्रमांक दुसऱ्याच व्यवसायातील, मुदत संपलेल्या नोंदणीचा आहे, त्यामुळे ‘संबंधित व्यावसायिक आमच्या नोंदीत नाही’ आणि तक्रार बंद करण्यात येत आहे. खोटा क्रमांक छापणे हाच ज्याचा गुन्हा, त्याच्याविरुद्धची तक्रार क्रमांक खोटा आहे म्हणून बंद होते, हे मी तीन वेळा वाचले तरी मला पटले नाही. तो क्रमांक मी ऑक्टोबरमध्येच तपासायला हवा होता. तुम्ही तरी माणूस अंगणात येण्याआधी तपासा, आणि पैसे कशाचेही असोत, खात्यावर थेट पाठवू नका.

कमी रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात जायचे तर नोटीस बजावण्यासाठी त्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर भाड्याची टपालपेटी आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दारात एक पत्रक आले. व्यवसायाचे नाव नवे आहे, दर २९५ डॉलर आहे, आणि फुकट दुरुस्तीच्या हमीची वाक्ये शब्दशः माझ्या कागदावरचीच आहेत. दोन्ही कागद एकत्र जोडून मी त्याच दिवशी ग्राहक तक्रारींच्या त्याच सरकारी कार्यालयात नवी तक्रार दाखल केली. मला पोच मिळाली असून उत्तरासाठी ११ ते १४ आठवडे लागतील असे तिच्यावर छापलेले आहे, म्हणजे तोवर या वर्षीचे तलाव बंद झालेले असतील.