‘पहिले पाऊल’ मेळावा आणि त्यापुढची पहिली : एका आईचा रिव्ह्यू, ताऱ्यांसकट

मिक्सरचे, हॉटेलांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. सरकारी सेवेचा कुणी लिहीत नाही, लिहिलाच तर शिव्या घालायला. म्हणून हा मी लिहितेय, ‘शाळापूर्व तयारी मेळाव्या’चा. राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 2022 पासून ‘पहिले पाऊल’ या नावानं तो भरतो, ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीनं. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या पोरांना एप्रिलात शाळेत बोलवायचं, त्यांना काय जमतं काय नाही ते बघायचं, मे महिन्यात घरी काय करून घ्यायचं ते आयांना सांगायचं, आणि शाळा उघडताना दुसरा मेळावा घेऊन पुन्हा बघायचं. पैसे शून्य.

माझी ओळख एवढीच की मी डीएड, म्हणजे शिक्षकाची पदविका केलेली आहे, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास आहे आणि आमची पिठाची गिरणी चालवते. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलेल्या माझ्यासारख्या बायका प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यामुळे शिक्षणशास्त्र डोक्यात आणि पीठ केसांत, अशा अवस्थेत हे लिहिलंय, तेवढं समजून घ्या.

मेळाव्याला सात टेबलं असतात. पहिल्यावर नोंदणी. मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि सातवं टेबल पालकांसाठी. नावं जड वाटतात, पण समोर ठेवलेलं सगळं ओळखीचं असतं: चेंडू, दोरी, मणी, रंगीत खडू, डाळी, बाटल्यांची झाकणं. मुलाच्या हातात ‘विकास पत्र’ देतात. प्रत्येक टेबलावर त्याच्याकडून चार-दोन गोष्टी करून घेतात आणि आपलं आपण जमतं की मदत लागते, याची खूण पत्रावर करतात. पास-नापास नाही, नंबर नाही.

आमच्याकडे सकाळी प्रभातफेरी निघाली. चौथीची पोरं लेझीम घेऊन पुढे, मागे नवी पोरं कागदी टोप्या घालून, आणि त्यांच्यामागे आम्ही. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “सूनबाई, पोराला शाळेत नेतीस का जत्रेला?” शाळेच्या दारात रांगोळी, फुगे, रंगाच्या ताटात पाय बुडवून कागदावर ठसे. हा भाग झकास झाला. सरपंचांचं भाषण नसतं तर आणखी झकास झाला असता. पोरं उन्हात उभी आणि माइकची घरघर संपता संपेना.

टेबलांवरचं मात्र नीट सांगते, कारण खरी किंमत तिथं आहे. शारीरिकच्या टेबलावर आमच्या चिरंजीवांनी बेडूकउड्या अशा मारल्या की मोजणाऱ्या अंगणवाडीच्या ताईच दमल्या. मणी ओवायला दिले तर दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, वळलं आणि ओवले. भाषेच्या टेबलावर बाजाराचं चित्र होतं. ताईंनी विचारलं, “काय दिसतंय?” पोरगा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मला घाम फुटला. ताई शहाण्या. त्यांनी चित्र बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “बरं, तुमच्या गिरणीत काल कोण आलं होतं?” मग जो सुटला! कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाच्या डब्याचं झाकण बसत नाही, कोण उधारी ठेवून गेलं. उधारीवाल्याची आजी मागेच उभी होती. ताईंनी पत्रावर लिहिलं, ‘ओळखीच्या विषयावर मोकळेपणाने बोलतो. चित्र बघून बोलण्यास मदत लागते.’

या एका ओळीसाठी मी मेळाव्याला चार तारे देते. माझ्या थोरल्या लेकीच्या तीन वर्षांच्या नर्सरी-केजीत इतकी नेमकी ओळ कुणी लिहिली नव्हती, आणि तिथं आम्ही भरपूर पैसे मोजले होते.

थोरलीची गोष्टही सांगायला हवी, कारण तुलना तिच्याशीच होणार. ती तालुक्याच्या गावातल्या एका इंग्रजी शाळेत जायची. नाव घेत नाही. तिथं नर्सरीतच हातात पेन्सिल, आडव्या-उभ्या रेघा, ज्युनिअरला अक्षरं, सिनिअरला छोटे शब्द. तिचं अक्षर आजही सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. चारचौघांत उभं राहून कविता म्हणायला ती कधी लाजली नाही, हेही तिथलंच देणं. पण सिनिअर केजीत शब्द वाचणारी पोरगी त्याच संस्थेत, त्याच इमारतीत, एक जिना चढून पहिलीत गेली आणि पुन्हा ए फॉर ॲपल! का, तर बाहेरून नवीन मुलं आलीत, त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या टीचरनी वरच्या टीचरना ‘ही वाचते’ एवढं एक वाक्य सांगितलेलं नव्हतं. पोरगी कंटाळली आणि मग ‘वर्गात बोलते’ अशी डायरीत तक्रार.

गावात अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात. मध्ये एक कडुलिंब आणि एक हापसा. तरी इथंही वेगळं काय होतं? अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची. ताईंच्या साहेब वेगळ्या, सरांचे साहेब वेगळे, मीटिंगा वेगळ्या, रजिस्टरं वेगळी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कागदावर हे जोडलं आहे. तीन ते आठ वर्षं हा एकच ‘पायाभूत स्तर’, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून सलग पाच. डीएडला असताना आम्हाला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अभ्यासाला होत्या. 1945 साली बोर्डीला बालवाडी, पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम, आणि ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाला एक जोडलेली. परीक्षेत पाच मार्कांना टीप यायची. डहाणू तालुक्यात हे इतक्या आधी करून दाखवलेलं असताना आमच्या आवारातला कडुलिंब ओलांडायला इतका उशीर का, हा प्रश्न टिपेत नसायचा.

आता मे महिना. मेळाव्यात आयांचे ‘माता गट’ करतात. आळीतल्या पाच-सहा जणी, त्यातली एक पुढारी. आठवड्याच्या आठवड्याला व्हॉट्सॲपवर आयडिया कार्ड आणि व्हिडिओ येतात: हे करून घ्या, ते करून घ्या. वस्तू सगळ्या घरातल्याच. मिसळलेल्या डाळी वेगळ्या करणं, भांड्याला झाकण शोधणं, कपड्यांच्या घड्या, भाज्यांची नावं, अंगणात खडूनं आकार काढून त्यावर उड्या. सुरुवातीला आमच्या गटातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, हा कसला अभ्यास, पाढे लावा की! पण पोरांना मजा यायला लागली तशा त्याही गप्प झाल्या.

माझी तर सोयच झाली. गिरणीत डब्यांवर ऑइलपेंटनं नावं असतात. कुणाचा ‘शिंदे’, कुणाचा ‘कांबळे’, एका आजींच्या डब्यावर नुसताच ‘ग’. पोराला मी काम दिलं, आलेला डबा कुणाचा ते सांगायचं. आधी तो डब्याच्या पोच्यावरून ओळखायचा. मग एक दिवस दोन सारखे नवे डबे शेजारी आले, तेव्हा वाकून नावाकडे बघायला लागला. ‘क’ त्याला कांबळेंच्या डब्यानं शिकवला. जड-हलकं काट्यावर. आधी काय दळायचं, मग काय, हा क्रम त्याला माझ्याइतका पाठ, कारण बाजरीनंतर लगेच गहू टाकला की गिऱ्हाईक काय बोलतं ते त्यानं ऐकलेलं. कार्डावर ‘वर्गीकरण’ आणि ‘क्रम लावणे’ म्हणून जे असतं ते हेच.

माता गटाला पाच तारे. कुणाच्या हातात नेटवाला मोबाइल नसेल तर मात्र अवघड आहे. आमच्या गटातल्या एकीचा मोबाइल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातो. तिला आम्ही तोंडी सांगायचो. छापील कार्डं सगळ्यांना पुरतील इतकी आली असती तर बरं झालं असतं.

अंगणवाडीला कमी लेखणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमच्या ताई सकाळी पोरं गोळा करतात, वजन-उंची घेतात, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरतात, आहार वाटतात, गरोदर बायकांकडे जातात, मधेच निवडणुकीचं काम येतं, आणि उरलेल्या वेळात शिकवतात. हे सगळं मानधनावर. 2023 च्या डिसेंबरात राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारीच्या शेवटापर्यंत चालला. तेवढे दिवस आमचा पोरगा गिरणीतच. मी ताईंच्या बाजूनं होते आणि आहे. पण पोरांचे ते दिवस पुढे कुठंच धरले गेले नाहीत, हेही खरं.

जूनचा दुसरा मेळावा पहिल्याची लहान आवृत्ती. टेबलं तीच, गर्दी कमी, पाऊस सुरू. पोरानं चित्र बघून तीन वाक्यं सांगितली, पत्रावर नवी खूण झाली, ताई आणि सर दोघंही हसले. आणि पत्र कपाटात गेलं.

इथं मी तारे कापते. त्या कपाटात पुढे कुणी हात घालत नाही. आमची शाळा दोनशिक्षकी. एका सरांकडे पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी-चौथी. शिवाय खिचडी, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीची कागदपत्रं. नियमानं पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने ‘विद्याप्रवेश’ म्हणून असतात. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेनं 2021 मध्ये आणलेला बारा आठवड्यांचा खेळातून शिकण्याचा कार्यक्रम, म्हणजे अंगणवाडीतून येणारं पोर एकदम पुस्तकावर आपटू नये. कल्पना चांगली आहे. पण दुसऱ्याच आठवड्यात पालक शाळेच्या दारात. “गुरुजी, पुस्तक कधी उघडणार? तिकडं इंग्रजी शाळेतली पोरं वाचायला लागली.” सरांनी आठ-दहा दिवस गाणी-खेळ घेतले आणि मग फळ्यावर ‘अ’ काढला. त्यांना दोष देताना जीभ जरा अडखळते, पण पालकांना घाबरून सोडलेला कार्यक्रम तो सोडलेलाच.

जुलैत मी शाळेत गेले आणि सरांना सरळ म्हटलं, “विकास पत्रं काढा ना, एकदा ताईंबरोबर बसून बघू.” सर म्हणाले, “ताईंना तिकडची कामं असतात.” मी हाक मारली, ताई हापशावरनंच आल्या. अर्ध्या तासात वर्गातल्या सगळ्या पोरांची पत्रं डोळ्याखालून गेली. एक मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. सरांना वाटत होतं, तिला काहीच येत नाही. ताई म्हणाल्या, “अहो, ती घरी पारधी बोलते, मराठी तिला समजतं, बोलायला वेळ लागतो. गाण्यात घ्या, गाण्यात बोलते.” पत्रावर भाषेच्या टेबलाची खूण तेच सांगत होती, फक्त वाचणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी परिपाठात अंगणवाडीतलंच गाणं घेतलं. आठवडाभरात पोरगी पुढे उभी राहून हातवारे करत होती.

म्हणजे यंत्रणेत लागतं ते सगळं आहे. पत्र आहे, ताई आहेत, सर आहेत. एका अर्ध्या तासाची सोय कुठल्याच खात्याच्या वेळापत्रकात नाही. मला विचाराल तर मेळाव्याचे फुगे कमी करा आणि जून-जुलैत तीन वेळा तरी ताई आणि पहिलीचे शिक्षक एकत्र बसतील, असा आदेश काढा. दोन्ही खात्यांच्या सहीनं काढा, नाहीतर एकीकडचे म्हणतील आम्हाला पत्र आलं नाही.

तारे असे: पहिला मेळावा चार, माता गट पाच, दुसरा मेळावा तीन, मेळाव्यानंतर पत्राचं काय होतं त्याला दीड. हा दीडसुद्धा आमच्या ताईंमुळे.

यंदा तुमचं पोर जाणार असेल तर थोडं ऐका. 31 डिसेंबरपर्यंत त्याला सहा पूर्ण होत असतील तरच पहिलीत घालायची घाई करा. जन्मदाखला बरोबर ठेवा. आजीला नक्की न्या, सातव्या टेबलावर तिनं ऐकलेलं जास्त उपयोगी, कारण दिवसभर पोर तिच्याकडेच असतं. पोर एखाद्या टेबलावर गप्प बसलं तर मागून उत्तर सांगू नका. विकास पत्राच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि जुलैत तो घेऊन वर्गात जा. आणि निघताना पोराला पोटभर खाऊ घाला. भाषणं धरून सातव्या टेबलापर्यंत पोचायला दुपार होते.